गुडघ्यासाठी घेतलेली गोळी जाते कुठं?

पत्र असं आलंय: "मॅडम नमस्कार, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. सासूबाईंचं वय ६८. दोन्ही गुडघे दुखतात, बीपी आहे, त्याची रोज एक गोळी चालू आहे. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी दुखण्याची गोळी लिहून दिली होती, सकाळ-संध्याकाळ एक-एक, खरं त्या दोन-दोन घेतात. म्हणतात, डोकं जवळ आहे म्हणून डोकेदुखीची गोळी लगेच लागू पडती, गुडघा कुठल्या कुठं खाली, तिथंवर जाईपर्यंत एका गोळीचं काय उरतंय? पोटात जळजळ सुरू झाली की मग कमरेत इंजेक्शन घेऊन येतात, ते डायरेक्ट जातंय आणि पोटाला त्रास नाही म्हणून. आता महिनाभर झालं पाय सुजायलेत. मलाच आता प्रश्न पडलाय की गोळीला कळतं तरी कसं कुठं जायचं ते? शेजारच्या आण्णांना टीबीच्या गोळ्या सुरू केल्यावर लघवी लाल व्हायली, ते घाबरून बंद करतो म्हणून बसलेत. आणि आमच्या मालकांना सर्दीची गोळी घेतली की ट्रॅक्टरवर झोप येते. सगळं एकदमच विचारते, राग मानू नका. चिठ्ठी इंग्लिशमध्ये, माहितीचा कागद कन्नडमध्ये, आम्ही मराठी शाळेत शिकलेलो, विचारायचं कुणाला?"

ताई, राग कसला ओ, असं सगळं नीट लिहून पाठवलंत हेच बरं झालं. समजावून सांगायचं ते नंतर सांगते, आधी कामाचं. सासूबाईंची ती दुखण्याची गोळी आजच थांबवा, दुसरी तर नकोच, पहिलीपण डॉक्टरांना पाय दाखवून होईपर्यंत नको. इंजेक्शनही नको. बीपीची गोळी मात्र अजिबात बंद करायची नाही, ती रोजच्या वेळेला चालूच ठेवा. मधल्या दिवसांत दुखलंच तर साधं पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा, लिव्हरचा काही आजार नसेल तर. आणि याच आठवड्यात खानापूरला नाहीतर बेळगावला नेऊन बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते त्यावरून कळतं) आणि लघवी तपासून घ्या. पाय सुजण्याबरोबर धाप लागत असेल, लघवी कमी झाली असेल, संडास डांबरासारखी काळी होत असेल किंवा एकच पाय सुजून दुखत असेल तर आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हे झालं. आता सासूबाईंच्या हिशोबाकडं येऊ, कारण तो हिशोब मी मेडिकलच्या काउंटरवर बसून वेगवेगळ्या तोंडातून इतक्या वेळा ऐकलाय की त्याला नीट उत्तर द्यायलाच पाहिजे, नुसतं "असं काही नसतंय" म्हणून त्यांच्या मनातनं तो जाणार नाही.

गोळी गिळल्यावर ती पोटात विरघळते, आणि त्यातलं बहुतेक औषध लहान आतड्यातून रक्तात शिरतं. आतड्याकडचं रक्त तिथून सरळ हृदयाकडं जात नाही, आधी लिव्हरमध्ये जातं, आणि लिव्हर अंगात आलेली परकी वस्तू मोडायला लगेच सुरुवात करतं. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळीतलं साधारण निम्मं औषध पहिल्या फेरीतच तिथं मोडलं जातं. उरलेलं हृदयात, तिथून फुप्फुसात, परत हृदयात, आणि मग एकदम सगळ्या अंगात. सगळ्या म्हणजे सगळ्या, डोळ्यात, जिभेत, किडनीत, करंगळीत, गुडघ्यात. माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि नुसतं बसलेल्या माणसाचं हृदयसुद्धा मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं, म्हणजे जेमतेम एका मिनिटात रक्ताची पूर्ण फेरी होते. डोकं जवळ आणि गुडघा लांब हा फरक रक्ताच्या दृष्टीनं काही सेकंदांचा आहे. वेळ लागतो तो गोळी विरघळायला आणि आतड्यातून आत जायला, अर्धा तास, तास, दोन तास. तो वेळ डोक्यासाठी आणि गुडघ्यासाठी एकच. वाटेत खाली जाता जाता औषध संपत जातंय असं काही होत नाही.

मग डोकेदुखी लवकर का थांबते? एक तर साधी डोकेदुखी बहुतेक वेळा तशीही काही तासांत उतरणारीच असते. गुडघ्यात मात्र कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, झिजलेली असते, आतलं अस्तर सुजलेलं असतं, आणि सूज अशी तासाभरात जात नाही, तिला नेमानं घेतलेल्या गोळीचेसुद्धा कधी कधी आठ-पंधरा दिवस लागतात. सासूबाईंना जो उशीर दिसतोय तो दुखण्याच्या जातीमुळं, गोळी पोचली नाही म्हणून नाही.

आता तुमचा प्रश्न, गोळीला कळतं कसं. तिला कळत नाही. गोळीला गुडघा माहीत नसतो. ती सगळीकडं जाते आणि जिथं तिला काम करायला जागा सापडते तिथं काम करते. खरं सगळीकडं सारखी पसरते असंही नाही, आणि हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या अवयवाला रक्त जास्त तिथं औषध आधी आणि जास्त पोचतं. दोन्ही किडन्या मिळून वजन पावशेराच्या थोडंसं वर, ३०० ग्रॅमच्या आसपास, आणि हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं २० ते २५ टक्के रक्त एकट्या त्यांच्यातून जातं. मेंदू अंगाच्या वजनाच्या २ टक्के, त्याला १५ टक्क्यांच्या आसपास. चरबीला, हाडाला फारच कमी. आणि गुडघ्यातल्या कूर्चेत तर रक्तवाहिन्याच नसतात, तिचं सगळं पोषण सांध्यातल्या पातळ वंगणासारख्या पाण्यातून होतं. म्हणजे बघा, सासूबाई गुडघ्यासाठी जी दुसरी गोळी घेतात त्यातला किती मोठा वाटा किडनीतून फिरून जातोय.

रक्तात गेलेलं सगळं औषध बाहेर पडायला मोकळं नसतं हे पण सांगायला पाहिजे. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन असतं, लिव्हर ते बनवतं, आणि बरीच औषधं त्याला चिकटून फिरतात. संध्याकाळची बेळगावहून सुटलेली खानापूरची भरलेली बस डोळ्यासमोर आणा. सीटवर बसलेले लोक मच्छेला, गणेबैलला पटकन उतरू शकत नाहीत, दाराजवळ उभे असलेलेच उतरतात, आणि उभे उतरले की बसलेल्यांतला एखादा उठून दाराकडं येतो. औषधाचं तसंच आहे, प्रोटीनला चिकटलेलं म्हणजे बसलेलं, मोकळं म्हणजे दारात उभं. काम करतं ते मोकळंच. डायक्लोफिनॅकचे १०० भाग धरले तर ९९ च्या वर चिकटलेलेच असतात, म्हणजे सगळा परिणाम त्या उरलेल्या एका भागापेक्षाही कमी औषधाचा. म्हातारपणी, लिव्हर खराब असेल तर, जेवण नीट नसेल तर किंवा लघवीतून प्रोटीन जात असेल तर रक्तातलं अल्ब्युमिन कमी होतं आणि असल्या चिकटणाऱ्या औषधांचा मोकळा वाटा वाढू शकतो. त्यात लिव्हर-किडनीचा वेगही वयानुसार मंदावलेला. म्हणून पस्तिशीतल्या माणसाला पचलेला डोस ६८ व्या वर्षी तसाच पचेल असं धरून चालत नाही.

सुजलेल्या सांध्यात मात्र एक वेगळी गोष्ट होते आणि ती सासूबाईंना आवर्जून सांगा. सूज आली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, प्रोटीन बाहेर झिरपतं, आणि त्याच्याबरोबर चिकटलेलं औषधपण सांध्यात जातं आणि तिथं अडकून राहतं. डायक्लोफिनॅक रक्तातून दर एक-दोन तासांनी निम्मं होत जातं, खरं सांध्याच्या पाण्यात ते हळूहळू चढतं, चार-सहा तासांनी तर रक्तापेक्षा सांध्यात जास्त सापडतं आणि बारा तासांपर्यंत टिकतं. सुया घालून सांध्यातलं पाणी काढून तपासून बघितलेली गोष्ट आहे ही. म्हणजे एक गोळी गुडघ्यापर्यंत पोचते, पोचून राहते. दोन घेतल्या म्हणून दुखणं दुप्पट कमी होत नाही, या जातीच्या गोळ्यांचा दुखणं थांबवण्याचा परिणाम एका मर्यादेपुढं वाढत नाही, वाढतो तो त्रास.

त्रास कसा वाढतो ते बघा. ही गोळी अंगात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होऊ देत नाही. गुडघ्यात हेच पदार्थ सूज आणि दुखणं वाढवतात, म्हणून तिथं ते थांबले की बरं वाटतं. खरं तेच पदार्थ जठराच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करत असतात, आणि किडनीत रक्त नीट जात राहावं म्हणून वाहिन्या उघड्या ठेवत असतात. गोळी तिन्ही ठिकाणी जाते आणि तिन्ही ठिकाणी तेच काम करते. आता कमरेतल्या इंजेक्शनचं काय? ते स्नायूत टोचतात, स्नायूतून ते रक्तात जातं, आणि रक्तातून परत सगळीकडं, जठराच्या अस्तरातसुद्धा, आतून. अल्सर हा काही फक्त गोळी पोटात घासल्यानं होत नाही, रक्तातून आलेल्या औषधानंही तसाच होतो. उलट इंजेक्शनात लिव्हरची ती पहिली फेरी चुकते म्हणून तेवढ्याच मिलिग्रॅमला रक्तात औषध जास्त जातं. पोटाला त्रास नाही म्हणून इंजेक्शन, ही समजूत आपल्या भागात इतकी घट्ट बसलीय की काही ठिकाणी पेशंटच सुई मागतात, नाही दिली तर डॉक्टरला काही येत नाही म्हणतात. तुम्ही तरी घरात ही समजूत मोडा. (हाडाचे डॉक्टर कधी कधी सरळ गुडघ्याच्या सांध्यात इंजेक्शन देतात, ते वेगळं, त्याचं औषध वेगळं, ते याच्यात धरू नका.) आणि आजपर्यंत कमरेत काय टोचलं ते जिथं घेतलं तिथं जाऊन कागदावर लिहून आणा, तपासायच्या वेळी डॉक्टरांना ते नाव लागेल, त्यात स्टेरॉइड असेल तर ते कळणं फार गरजेचं आहे.

आता पायाची सूज. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं, ते बघा. अॅमलोडिपिन असेल तर तीच गोळी पाय सुजवू शकते, आणि हे पण पसरण्याचंच उदाहरण. ती बीपी उतरवायला अंगातल्या सगळ्या लहान धमन्या सैल करते, पायातल्यासुद्धा, पण परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, मग घोट्याजवळ रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. दोन्ही पाय सुजतात, संध्याकाळी जास्त, बोटानं दाबलं की खड्डा पडतो. यात किडनी बिघडलेली नसते, आणि लघवी जास्त होणारी गोळी देऊनही ही सूज फारशी उतरत नाही, डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. खरं हे तुम्ही घरी ठरवायचं नाही, कारण दुखण्याची गोळीपण अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी वाढवते आणि पाय सुजवते. म्हणजे दोन संशयित आहेत, आणि किडनी किंवा हृदय हा तिसरा-चौथा असू शकतो, तो तपासल्याशिवाय कळणार नाही.

पाकिटावर टेल्मिसार्टन आणि त्याच्याबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन अशी जोडगोळी असेल तर जास्तच सांभाळा. टेल्मिसार्टन किडनीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करतं, जोडीतलं दुसरं, लघवी जास्त करणारं औषध अंगातलं पाणी कमी करतं, आणि दुखण्याची गोळी किडनीत येणारी वाहिनी आवळते. तिन्ही एकदम पडल्या आणि त्यात जुलाब झाले, उलट्या झाल्या, नाहीतर उन्हात दिवसभर रताळी काढताना पाणीच पिणं झालं नाही, की किडनी अचानक बसू शकते. प्रत्येक गोळी वेगवेगळ्या दुखण्यासाठी, वेगवेगळ्या डॉक्टरांनी, बरोबरच लिहिलेली असते, खरं अंगात गेल्यावर तिन्ही एकाच किडनीत भेटतात. म्हणून मी सगळ्यांना सांगते की डॉक्टरकडं जाताना चिठ्ठी नको, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून न्या, आयुर्वेदिक म्हणून आणलेल्या बिननावाच्या पुड्या असतील तर त्यापण. चिठ्ठीचं अक्षर लागत नाही, भाषेची अडचण होते, पाकीट मात्र कुठल्याही भाषेच्या डॉक्टरला लगेच कळतं. आणि आणखी एक, रंग वेगळा, कंपनी वेगळी म्हणजे औषध वेगळं असं नाही. एका दुकानातून आणलेली पिवळी आणि दुसरीकडून आणलेली निळी, दोन्हीत एसीक्लोफिनॅक हे एकच दुखण्याचं औषध निघतं, आणि माणूस दोन वेगळी औषधं घेतोय समजून एकच दुप्पट घेत असतो. एसीक्लोफिनॅकच्या गोळीत बऱ्याचदा पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, वरून तापाची गोळी घेतली की तेही दुप्पट.

गुडघ्यासाठी मग करायचं काय? औषध सगळीकडं पसरू द्यायचं नसेल तर जिथं दुखतंय तिथंच ते लावावं, आणि गुडघा त्याला अगदी सोयीचा आहे, कारण सांधा कातडीच्या जवळ असतो. डायक्लोफिनॅकचं जेल नेमानं लावलं तर काम तर होतं, आणि रक्तात जातं ते गोळीच्या मानानं फार थोडं, शंभरात सहाच्या आसपास. कमरेच्या खोल सांध्याला मात्र जेलचा उपयोग नाही, तिथवर ते उतरत नाही. लोक काय करतात, वाटाण्याएवढं जेल लावतात, दोन दिवस लावतात आणि गुण नाही म्हणून ट्यूब ठेवून देतात. ट्यूबवर किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं माप पूर्ण घ्यायचं, दिवसातून तीन-चार वेळा, हलक्या हातानं पसरायचं, वरून गरम शेक द्यायचा नाही, पट्टी आवळायची नाही, आणि आठवडाभर तरी लावून बघायचं. जखमेवर नाही लावायचं. किडनीचा रिपोर्ट खराब आला तर जेलसुद्धा विचारूनच.

वय झाल्यावर आणखी एक बदल होतो तो इथं सांगून ठेवते, सासूबाई कधी झोपेची गोळी मागतील तेव्हा उपयोगी पडेल. म्हातारपणी अंगातलं पाणी कमी होतं आणि चरबीचं प्रमाण वाढतं, माणूस बारीक दिसत असला तरी. डायझेपामसारखी चरबीत विरघळणारी औषधं मग चरबीत जाऊन बसतात आणि तिथून दिवसेंदिवस थोडी थोडी रक्तात परत येत राहतात. विशीतल्या माणसाच्या रक्तातलं डायझेपाम निम्मं व्हायला साधारण २० तास लागतात, ऐंशीत ८० तासांच्या वर. रात्री घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी पूर्ण उतरत नाही, त्यावर दुसरी पडते, आणि मग पहाटे न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडतं.

उलट काही औषधं रक्तातून लवकर निघून अंगात मुरतात हे फायद्याचंही असतं. तुमच्या घरात कधी तरी तीनच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं असेल आणि एवढ्यात कसं बरं होणार म्हणून तुम्ही शंका घेतली असेल. ते बहुतेक अॅझिथ्रोमायसिन असणार. ते रक्तात थोडं आणि पेशींच्या आत कितीतरी पटीनं जास्त साठतं, त्यामुळं गोळ्या संपल्यावरही बरेच दिवस आतून काम चालू असतं. डॉक्टर लोक हे मोजायला एक आकडा वापरतात, अंगात गेलेलं सगळं औषध रक्तात दिसतंय तेवढंच पातळ करायचं झालं तर किती लिटर पाणी लागेल असा. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा हा आकडा ८ ते १० लिटर, म्हणजे ते बहुतेक रक्तातच राहतं. हृदयाच्या डिगॉक्सिनचा ५०० लिटरच्या आसपास. मलेरियाच्या क्लोरोक्विनचा तर दहा हजार लिटरच्या वर, एवढं पाणी कुठल्या माणसात मावणार? त्याचा अर्थ एवढाच की रक्तात अगदी थोडं आणि बाकी सगळं मांसात, लिव्हरमध्ये, इतर पेशींत मुरलेलं. विषबाधा झाली तर असली औषधं डायलिसिसनं निघत नाहीत ती याचमुळं, मशीन रक्त धुतं आणि औषध रक्तात नसतंच.

शेजारच्या आण्णांना मात्र आजच जाऊन सांगा. टीबीच्या गोळ्यांत रिफॅम्पिसिन असतं, त्याचा स्वतःचाच रंग विटकरी-लाल आहे, आणि ते अंगातल्या सगळ्या पाण्यात उतरतं. लघवी केशरी-लाल होते, घाम होतो, थुंकी होते, बनियनच्या काखेला डाग पडतात, रडलं तर डोळ्यातलं पाणीसुद्धा रंगीत येतं. ते रक्त नाही. औषध सगळीकडं पोचतंय हे डोळ्यांनी दिसण्याचा हा प्रकार आहे, आणि टीबीत ते तसं पोचावंच लागतं, कारण टीबीचे जंतू आपल्याच पांढऱ्या पेशींच्या आत आणि फुप्फुसातल्या सडलेल्या भागात दडून बसलेले असतात. म्हणून तर सुरुवातीला चार औषधं एकदम देतात, त्यातलं पायराझिनामाइड जिथं आम्लपणा जास्त तिथं जोर करतं, दुसरं औषध दुसऱ्या जागी. महिनाभरात खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि माणसाला वाटतं झालं बरं, खरं दडलेल्यांपर्यंत काम पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. मधेच सोडलं तर उरलेले जंतू औषधाला न जुमानणारे होतात आणि मग उपचार लांबतो, घरच्यांनाही धोका. सरकारी दवाखान्यात ही औषधं फुकट आहेत, आशाताईंना विचारलं तरी त्या मदत करतील. घाबरायचं ते वेगळ्या गोष्टीला: डोळे पिवळे व्हायला लागले, सारखं मळमळून उलट्या होऊ लागल्या, जेवणच नको झालं, तर लिव्हरला त्रास होतोय असं समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडं जायचं. आणि आण्णांना बीपी, शुगर किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर टीबीच्या डॉक्टरांना ते सांगायलाच पाहिजे, रिफॅम्पिसिन लिव्हरला इतकं कामाला लावतं की बाकीची बरीच औषधं लवकर मोडली जातात आणि कमी पडतात.

राहिला मालकांचा ट्रॅक्टर. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत अंगातल्या इतर ठिकाणांपेक्षा फार घट्ट असते, पेशी एकमेकींना अशा शिवलेल्या असतात की फटीतून काही जात नाही. पॉल एर्लिख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, सगळे अवयव रंगले आणि मेंदू तेवढा पांढरा राहिला. पुढं १९१३ मध्ये त्याचाच विद्यार्थी गोल्डमन यानं तोच प्रकार उलटा केला, रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकी अंग कोरडं राहिलं. मधे आड काहीतरी आहे हे तेव्हा पक्कं झालं. शिवाय चुकून आत शिरलेली काही औषधं उचलून परत बाहेर टाकायची सोयपण त्या पेशींत आहे. सर्दीच्या जुन्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन चरबीत विरघळणारं असल्यामुळं ही भिंत सहज ओलांडतं आणि झोप आणतं. सेट्रिझिन कमी जातं, तरी बऱ्याच जणांना पेंगुळतं. फेक्सोफेनाडिन जवळजवळ आत जातच नाही. तेव्हा मेडिकलमध्ये नुसती "सर्दीची गोळी द्या" म्हणू नका, "गाडी चालवायची आहे, झोप न येणारी द्या" असं सांगा, आणि पाकिटावर क्लोरफेनिरामिन दिसलं तर ती फक्त रात्री घरी असताना. ऊस हंगामात रात्री-अपरात्री भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याकडं जाणारे कितीतरी जण अशी एक गोळी घेऊन निघतात, त्यांच्या घरच्यांना पण हे सांगा. आणि मालकांसाठी आणलेली सर्दीची गोळी सासूबाईंना देऊ नका, त्यात बऱ्याचदा नाक मोकळं करायला फेनिलेफ्रिन असतं, त्यानं बीपी वाढू शकतो.

तपासून आलात की चार गोष्टी मला लिहून पाठवा: क्रिएटिनिनचा आकडा, लघवीत प्रोटीन आहे का, बीपीच्या पाकिटावरचं पूर्ण नाव, आणि गोळी थांबवल्यावर सूज उतरली का नाही. रिपोर्ट कन्नडमध्ये असला तरी चालेल, मला वाचता येतं.